हवा बदलली

१

पिकायला लागलेलं केळं आधी मध्यावर पिवळं होतं. देठ आणि टोक मागे राहतात, मग तेही हिरवा रंग सोडतात. वखारीतल्या पिकवणीच्या बंद खोलीतल्या, चेंबर नंबर तीनमधल्या केळ्यांना मध्य, देठ, टोक असा भेदच नव्हता. सगळीकडे एकच निस्तेज हिरवा. सुलक्षणाने क्रेटमधून एक फणी उचलली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. साल कच्ची होती, पण आतला गर बोटाखाली दबत होता. तिने मागच्या भिंतीजवळची फणी पाहिली. तीही तशीच.

याच भिंतीजवळ वखारीतले जुने गडी उखर्डू आबा सापडले होते. एका क्रेटवर हात ठेवून बसलेले, जणू दम खायला टेकले असावेत. अंगावर खरचटलेलंही नव्हतं. दवाखान्याने लिहून दिलं होतं, कोंडलेल्या हवेने जीव गेला. त्या दिवसापासून चेंबरचं दार उघडंच ठेवलं होतं.

"मॅडम, केळी काय बघताय? कॉम्प्युटर पलीकडच्या खोलीत आहे," फौजदार शीतल वानखेडे दारातून म्हणाली. ती वयाने लहान होती. रोज धुळे शहरातून या केळीच्या वखारीवर हेलपाटे घालून आता कंटाळली होती. "प्रोग्राम बसवणाऱ्या ललितसाहेबांनी अहवाल तयार केलाय. तुमची फक्त सही पाहिजे."

सुलक्षणा पदार्थविज्ञान शिकली होती. एका संशोधन संस्थेची मोठाली संगणकयंत्रं काही वर्षं सांभाळून ती जळगावला परत आली आणि तेव्हापासून एकच काम करत होती. कुणाचा संगणक अडला, की तो नेमका कुठे अडतो हे शोधून द्यायचं. आज सकाळी एरंडोल, पारोळा करत ती बसने आली होती ती पोलिसांनी बोलावलं म्हणून. केळीशी तिचा संबंध खाण्यापुरता होता. पण साल हिरवी आणि गर मऊ, ही गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना.

"अहवाल काय म्हणतो?"

"प्रोग्राम बरोबर आहे. त्याच्या हिशेबाने झडप ठरल्या वेळी उघडते, जुनी हवा बाहेर जाते, नवी आत येते. पण झडपेला हाताने बंद करायचा स्विच आहे. त्याची चावी एकट्या भटूकडे, आबांच्या भाच्याकडे. चेंबरं तोच चालवतो. त्या दुपारी त्याने तो बंद केला असणार. मामा-भाच्याचं सकाळीच वाजलं होतं."

"एका दुपारीत केळी अशी होत नाहीत," सुलक्षणा म्हणाली. "केळी पिकताना कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो फार साचला, की पिकणंच अडतं. ही केळी कित्येक दिवस कोंडलेल्या हवेत होती."

शीतलने तिच्याकडे पाहिलं. कंटाळा तिच्या चेहऱ्यावरून पुसला गेला.

"म्हणजे स्विच कित्येक दिवस बंद होता?"

"हवा कित्येक दिवस बंद होती."

"तेच ते. मग हा निष्काळजीपणा नाही, मॅडम. हे ठरवून केलेलं आहे. भटूवर खुनाचं कलम लागेल."

सुलक्षणाच्या हातात अजून ती फणी होती. आपल्या एका खऱ्या वाक्याने एका माणसाच्या गळ्याभोवतीचा फास आवळला, हे तिला उशिरा कळलं.

२

वखारीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. पहिल्या खोलीत उखर्डू आबांची बायको कुंदाबाई भिंतीला टेकून बसली होती. आत पडद्यामागे सून बाळंतीण होती. मूल मधूनच कुरकुरायचं आणि गप्प व्हायचं.

"अक्का, आज तरी सांगता का?" शीतल उंबऱ्यावर बसत म्हणाली. "फिर्याद तुमची लागते. भटूचं नाव तुम्ही घेतलं की पुढचं मी बघते."

"उद्या सांगसु," कुंदाबाई म्हणाली.

"रोज उद्याच म्हणता."

"मंग आजबी उद्याच."

सुलक्षणा तिच्याजवळ जमिनीवर बसली. काय विचारावं हे तिला सुचेना. मग तिने मनातलंच विचारलं. "आबा आत कशाला जायचे? तापमान तर पडद्यावर दिसतं."

"पडदाना वास येस का?" कुंदाबाईच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. "मना मालक, तुमना आबा, नाकवरच केळं वळखे. धूर दीसन पिकाडेत ना, तवापाशीनना गडी. भटू म्हने, मामा, आते मशीन शे, तू कसाले मधमा जास? हाऊ म्हने, तुनी मशीन केळं खास का?"

"त्यावरून भांडण झालं?"

"ते काय भांडन शे? रोजनं शे ते. भटूले मी न्हानपनपाशीन सांभाळा, ताई. नणदनं लेकरू. तो मामाले मारई?" ती थांबली. "पन पोलिस म्हनतंस, चावी त्यानाकडेच व्हती. मग मी काय सांगू?"

"आबांखेरीज आणखी कोण आत जायचं?"

"पहिले नानाबी जायेत, वखारना शेठ. रोज सकाळले, केळं दाबीसन दखेत. आते मातर दारपाशीनच दखतंस. मना मालकले म्हनेत, तू मधमातून फणी आन, मना गुडघा दुखतंस."

अंगणात सावली पडली. निंबा नाना, वखारीचे मालक, पांढऱ्या कपड्यांत उभे होते. ते वखारीच्या तीन पायऱ्या उतरून आले होते आणि कठड्याला हातही लावला नव्हता.

"अक्का, घाई करू नका," ते मऊ आवाजात म्हणाले. "सावकाश विचार करून सांगा. खोली तुमचीच समजा. बाळंतिणीचं होईपर्यंत कोणी तुम्हाला हलवणार नाही."

कुंदाबाईने पदर पुढे ओढला. नाना गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ऐकं ना, ताई? होईपर्यंत, म्हनेत."

३

भटूला ठाण्यात एका बाकावर बसवून ठेवलं होतं. पंचविशीचा उंच, वाळका मुलगा. तो सुलक्षणाकडे न बघता आपल्या तळहातांकडे बघत बोलला.

"स्विच मी नाही बंद केला. सांगून सांगून तोंड दुखलं."

"आबांना बाहेर काढलं तेव्हा स्विच कसा होता?"

"चालू. मी बघितला ना. पण मी बघितलेलं कोण धरतं?"

"आणि पडदा?"

"पडद्यावर हिरव्या अक्षरात लिहिलेलं होतं. हवा बदलली. प्रत्येक वेळी तेच येतं." त्याचा आवाज घसरला. "मामा म्हणाला, जाऊ का रे? मी पडदा बघितला. म्हटलं, हवा आत्ताच बदलली आहे, जा. मॅडम, आत जाणार नव्हता तो. मी त्याला जा म्हटलं."

"पडद्यावर हे वाक्य कधी उमटतं? झडप हलल्यावर, की प्रोग्रामने नियम चालवल्यावर?"

भटूने पहिल्यांदा मान वर केली. "ते ललितसाहेबांना माहीत. त्यांनीच बसवलंय सगळं."

४

ललित जळगावहून आपल्या गाडीने आला होता. चेंबरची हवा, गारवा, ओल सांभाळणारा प्रोग्राम त्याने लिहिला होता आणि खानदेशातल्या बऱ्याच वखारींत तो चालत होता. माणूस बोलका आणि मदत करायला तत्पर. त्याने नियंत्रणखोलीत दोन खुर्च्या ओढल्या आणि नियमांची फाइल उघडून दाखवली.

"बघा ना मॅडम. हा हवा बदलण्याचा नियम. वेळ झाली, झडप उघड, पंखा लाव. शाळेतलं पोरही वाचेल."

नियम निर्दोष होता. सुलक्षणाने तो दोनदा वाचला.

"पडद्यावरचं वाक्य?"

"नियम चालून संपला की येतं. झडपेवर वेगळा सेन्सर लावलेला नाही. खर्च वाढतो."

"म्हणजे झडप हलली की नाही हे पडद्याला माहीतच नसतं."

"नियम चालला म्हणजे हललीच, स्विच बंद नसेल तर."

सुलक्षणाने मान डोलावली आणि आपलं काम सुरू केलं. संगणकाच्या तळाशी कर्नल असतो, यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला मुकादम. झडप हलवायची असो की पडद्यावर अक्षर काढायचं असो, प्रत्येक प्रोग्रामला त्याच्याकडे विनंती करावी लागते. कर्नलच्या बाजूला बसून कोण काय करतं हे टिपणारी हत्यारं तिच्याजवळ होती. तिने ती लावली. ओळी उमटू लागल्या. पण बहुतेक ओळींत नाव नव्हतं, नुसते स्मृतीतले आकडेरूप पत्ते होते.

"हे काय?" शीतलने मागून विचारलं.

"याचा प्रोग्राम चालता चालता स्वतःचं भाषांतर करतो. जो नियम पुन्हा पुन्हा लागतो, त्याचं यंत्राच्या भाषेत रूप करून स्मृतीत ठेवतो आणि मग तेच चालवतो. वेग येतो. पण ते रूप कुठल्या फाइलीत नसतं, त्यामुळे कर्नलला त्याचं नाव माहीत नसतं. बाजारात ओझं उचलणारा दिसतो, पण तो कुठल्या गावचा, कुणाचा, ते कळत नाही. तसं."

"नावं चालू करायची सोय आहे की," ललित उत्साहाने म्हणाला. "प्रोग्राम रीस्टार्ट करतो, सुरू करतानाच सांगतो की नावं लिहीत जा. लगेच सगळं दिसेल तुम्हाला." त्याचा हात कीबोर्डकडे गेला.

"रीस्टार्टचं नाव काढू नका," दारातून नाना म्हणाले. "मागेच सांगितलंय. प्रोग्राम बंद पडला, की सगळ्या झडपा आपोआप उघडतात. परवा शिवरात्र आहे. बाकीच्या चेंबरांतला माल उद्या पहाटे काढायचाय. तोवर कोणी हात लावायचा नाही."

"नाना, पोलिसांचं काम आहे..." ललित म्हणाला.

"थांबा," सुलक्षणा म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण ललितचा हात जागीच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता. फेब्रुवारी होता आणि खोली गार होती.

नावं दाखवायला हा माणूस उतावीळ होता. पण रीस्टार्ट केल्यावर दिसणार होती ती नव्याने वाचलेल्या फाइलीतली नावं. आत्ता स्मृतीत जे चाललं होतं, ते त्याच क्षणी पुसलं गेलं असतं.

"शीतल मॅडम," तिने विचारलं, "आबा गेल्यानंतर या संगणकाला कुणी कुणी हात लावला?"

"इंटरनेटची तार मी पहिल्याच दिवशी काढून घेतली. त्यानंतर फक्त हे ललितसाहेब. नियमांची प्रत काढून देतो म्हणून इथे बसले होते."

"प्रोग्राम ही फाइल कधी वाचतो, ललित?"

"सुरू होताना," तो म्हणाला. मग अगदी हळू पुढे म्हणाला, "किंवा आम्ही जळगावहून नवा नियम पाठवला, की."

५

चालता प्रोग्राम न थांबवता त्याला बाहेरून चिकटणारा एक छोटा जोडप्रोग्राम असतो. तो आत शिरतो आणि स्मृतीतल्या प्रत्येक भाषांतरित तुकड्याचा पत्ता व नाव कर्नलच्या हत्यारांना वाचता येईल अशा रीतीने मांडतो. सुलक्षणाने तो लावला. ललितला तिने खिडकीजवळ बसवलं होतं. तो बाहेर उभ्या असलेल्या ट्रककडे बघत होता.

ओळी पुन्हा उमटल्या. आता पत्त्यांच्या जागी नावं होती. तापमान. ओलावा. पडदा. आणि एक नाव, जे मघाच्या फाइलीत कुठेही नव्हतं.

"माल-थांब," शीतलने मोठ्याने वाचलं. "हे काय आहे?"

"फाइलीत हवा बदलण्याचा जो नियम आहे, तो स्मृतीत नाही. त्याच्या जागेवर हा बसलाय. हा काय करतो ते आता कर्नललाच विचारू. पाचव्या चेंबरची वेळ होतेच आहे."

त्या वाट बघत राहिल्या. बाहेर कुणीतरी क्रेट आपटत होतं. मग पडद्यावर हिरवी अक्षरं आली. चेंबर पाच, हवा बदलली.

सुलक्षणाने ओळींवर बोट ठेवलं. "हा माल-थांब चालला. वेळ तपासली. पडद्याला वाक्य दिलं, ही त्याची विनंती कर्नलकडे आली. आणि इथे संपला. झडप उघडायची विनंती आलीच नाही. स्विच चालू असो की बंद, फरक पडत नाही. झडपेला कुणी हाकच मारली नाही."

शीतल उठली. अग्निशमनवाल्यांकडून तिने हातात मावणारं हवा तपासायचं यंत्र मागवून ठेवलं होतं. पाचव्या चेंबरचं दार तिने वीतभर उघडलं आणि दांडीला बांधलेलं यंत्र आत सरकवलं. ते लगेच किंचाळायला लागलं. दारावरच्या छोट्या पडद्यावर तेव्हाही हिरवं वाक्य होतं.

माल काढायला येणारे मजूर उद्या पहाटे याच दारातून आत जाणार होते.

सगळी दारं सताड उघडायला लावल्यावरच शीतल परत आली. तिचा चेहरा उतरला होता. "बोला, ललितसाहेब."

"नानांनी सांगितलं म्हणून केलं," ललित खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला. "शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना पिवळं केळं पाहिजे असतं. आधी पिकलं तर काळं पडतं, नंतर पिकलं तर कोणी विचारत नाही. गारव्याने थांबवायला वीज फार लागते. हवा कोंडली तर फुकटात थांबतं. मी जळगावहून नियम पाठवला. आबा गेल्याचं कळलं तेव्हा तार काढलेली होती, दुसरा नियम पाठवता येईना. म्हणून इथे येऊन फाइल तेवढी बदलली."

"आणि पडद्यावरचं वाक्य तसंच ठेवलंत."

"ते काढलं असतं तर भटूने विचारलं असतं ना, मॅडम."

"आणि अहवालात त्याचीच मान अडकवलीत," शीतल म्हणाली.



६

नाना कारभाराच्या खोलीत गादीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं तरी त्यांचा आवाज मऊच राहिला.

"मी त्याला केळी थांबव म्हटलं, फौजदारबाई. माणूस मार म्हटलं नाही. मी शेतकऱ्याचा पोरगा. गॅस, कार्बन, मला काय कळतं? त्याने सांगितलं असतं धोका आहे, तर मी केलं असतं का?"

शीतल सुलक्षणाकडे वळली. सगळं ललितवर येऊन थांबत होतं. नानांना काही माहीत नव्हतं असं कोर्टात कुणीही म्हणू शकत होतं.

"नाना, तुमचे गुडघे कधीपासून दुखतात?" सुलक्षणाने विचारलं.

"कसले गुडघे?" नाना बोलून गेले.

बाहेर ट्रकचं इंजिन सुरू झालं आणि बंद पडलं.

"तुम्ही रोज आत जाऊन केळं दाबून बघायचात. माल भरल्यापासून तुम्ही एकदाही उंबरा ओलांडलेला नाही. आबांना आत पाठवून फणी बाहेर मागवायचात, गुडघा दुखतो म्हणून. मघाशी तुम्ही तीन पायऱ्या उतरून अंगणात आलात, मला तर दुखणं दिसलं नाही. आत काय आहे हे तुम्हाला माहीत होतं. फार वेळ न थांबता माणूस बाहेर आला तर निभावतं, असा तुमचा अंदाज असेल. काही दिवस निभावलंही. त्या दिवशी आबा भिंतीपर्यंत गेले."

"हे कोण म्हणतं? कोण सांगणार आहे, मी गुडघा दुखतो म्हटलं म्हणून?"

ते ऐकणारा माणूस मेला होता. आणि ज्या बाईला त्याने ते घरी येऊन सांगितलं, ती नानांच्याच खोलीत राहत होती.

७

कुंदाबाई होती तिथेच होती. सुलक्षणाने तिला सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न झाकता. भटूने स्विच बंद केला नव्हता. पडदा खोटं बोलत होता आणि भटूने त्याच्यावर विश्वास ठेवला. हा नियम कुणी लिहिला, कुणी लिहायला लावला.

"म्हंजे भटूनी जाय म्हनं, ते खरं समजीसन म्हनं," कुंदाबाई म्हणाली.

"हो, अक्का."

तिने डोळे मिटले. पडद्यामागे सून मुलाला थोपटत होती, तो आवाज तेवढा येत होता.

"आणि गुडघ्याचं," सुलक्षणा अडखळत म्हणाली, "ते तुम्हीच मला सांगितलंत. तुम्ही कागदावर सांगितलं नाही, तर ते कुठेच राहणार नाही. पण सांगितलं, तर ही खोलीही राहणार नाही. तुम्ही सांगाच, असं मी म्हणू शकत नाही."

कुंदाबाईने डोळे उघडले. अंगणात नाना येऊन उभे होते, त्यांच्यामागे एक हवालदार. वखारीतले मजूरही कामं सोडून आले होते.

"अक्का," नाना म्हणाले, "घरात लेकरू आहे. विचार करून बोला."

शीतलने कागद गुडघ्यावर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. "आजही उद्या म्हणालात तरी मी रागावणार नाही, अक्का. कुणाविरुद्ध फिर्याद आहे?"

कुंदाबाईने नानांकडे पाहिलं. पदर तिने पुढे ओढला नाही. त्या खोल्यांमधून आजवर कुणी मालकाचं नाव घेतलं नव्हतं. नाना, एवढंच. ती भिंतीचा आधार सोडून ताठ बसली.

"निंबा दौलत पाटील," ती म्हणाली. "त्याले बठ्ठं माहीत व्हतं. मनी फिर्याद त्यानावर शे, लिखी ल्या."